सात हाली, सहा कळदार : प्रमाणाच्या उदाहरणांचें मर्म

गणित येणें आणि गणिताचें उदाहरण सोडवितां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत, जो चार आंकडी भागाकार न अडखळतां करतो, तोच मुलगा ‘इतक्या रुपयांस इतका माल, तर तितक्या रुपयांस किती?’ असा प्रश्न पुढें आला म्हणजे पेन्सिल चावूं लागतो. कोणता आंकडा कोणत्या आंकड्यानें गुणावा याचा तो अदमास बांधतो, आणि शेवटीं वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलतो. घरांतील मंडळी म्हणतात, मुलाचें गणित कच्चें आहे. वास्तविक गणित कच्चें नसतें. प्रश्न वाचण्याची संवय कच्ची असते.

प्रमाणाच्या उदाहरणांत कृति ती काय? बहुधा एक गुणाकार आणि एक भागाकार. त्यांत चूक झाली तरी ती पडताळून काढतां येते. खरी चूक होते ती त्याच्या आधीं, म्हणजे कशाचें प्रमाण कशाशीं सांगितलें आहे आणि कोणती रास पूर्ण मानून दुसरी तिचा हिस्सा म्हणून दिली आहे, हें ठरवितांना. ‘हिस्सा’ हा शब्द एकटा कधींच पुरा अर्थ देत नाहीं. सातवा हिस्सा म्हणतांच ‘कशाचा सातवा हिस्सा?’ असा प्रश्न ज्याच्या मनांत उभा राहतो, त्याला या प्रकरणाची किल्ली सांपडली असें समजावें.

हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकांतला नव्हे. महाराष्ट्राच्या एका जिल्ह्यांतील लोकांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या बाजारांत उभे राहून सोडविला आहे. आणि ज्याला तो सोडवितां येत नसे त्याला त्याची किंमत रोख मोजावी लागे. तो जिल्हा म्हणजे धाराशिव.

धाराशिव जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं बदलून जुनें नांव पुन्हां रूढ करण्यांत आलें. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, आणि निजामाच्या राज्याचें नाणें स्वतःचें होतें. त्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत. हाली म्हणजे चालू असलेला. विसाव्या शतकांतील या रुपयावर चारमिनारचें चित्र असे. परंतु जिल्ह्याची हद्द ओलांडून पश्चिमेस पाऊल टाकलें कीं सोलापूर जिल्हा लागे, आणि तो इंग्रजी मुलूख. तेथें इंग्रज सरकारचा रुपया चाले. कळेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला म्हणून त्याला ‘कळदार’ हें नांव पडलेलें होतें. पुढें हाली रुपयाहि यंत्रावर पडूं लागला, तरी कळदार हें नांव इंग्रजी रुपयाकडेच राहिलें.

परांडा, भूम, कळंब, तुळजापूर या भागांतील मालाला बार्शी आणि सोलापूर या मोठ्या पेठा जवळच्या. माल तिकडे विकला कीं हातीं कळदार येई. घरीं परतल्यावर सारा भरावयाचा तो मात्र हालींत. उलट तुळजाभवानीच्या दर्शनास इंग्रजी मुलुखांतून येणारा यात्रेकरू कमरेला कळदार बांधून येई आणि पेठेंत हालीचे भाव ऐके. अशा रीतीनें एका नाण्याचें दुसरें नाणें करणें हा येथील लोकांचा नित्याचा व्यवहार होता.

त्याचा दर काय? सरकारी हिशेबांत शंभर कळदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा दर धरीत. बाजारांत त्यांत थोडी चढउतार होई. पण हिशेबाचा पाया हाच. प्रथम ऐकतांना हा आंकडा फार अडचणीचा वाटतो. पण शंभराचा सहावा हिस्सा काढून पाहावा. सोळा रुपये झाले, चार उरले; चार रुपयांचे चौसष्ट आणे, त्यांचा सहावा हिस्सा दहा आणे, उरले चार आणे; त्यांच्या अठ्ठेचाळीस पै, त्यांचा सहावा हिस्सा आठ पै. म्हणजे वरचे सोळा रुपये दहा आणे आठ पै हा शंभराचा नेमका सहावा हिस्सा होय. सहा कळदारांत आणखी त्यांचाच सहावा हिस्सा मिळविला कीं सात हाली होतात. एवढ्या लांबलचक आंकड्याच्या पोटांत ‘सातास सहा’ हें लहानसें गुणोत्तर दडलेलें होतें. १९५० सालीं भारत सरकारचा रुपया त्या राज्यांत चालू झाला तेव्हांहि सात हाली बरोबर सहा रुपये हाच दर राहिला, आणि हाली नाणें कायद्यानें पूर्णपणें रद्द होण्यास १९५९ साल उजाडलें.

आतां उदाहरण घ्यावें. परांड्याच्या एका शेतकऱ्याजवळ ८४ रुपये हाली आहेत. बार्शीच्या पेठेंत त्यांचे कळदार किती होतील? सात हालींचे सहा कळदार होतात. तेव्हां ८४ मध्यें सातांचे गट किती तें आधीं पाहावें. ते बारा. प्रत्येक गटाचे सहा कळदार, म्हणून बारा सक बहात्तर. उत्तर ७२ कळदार. उलट ७२ कळदारांचे हाली करावयाचे असतील तर सहांचे गट पाडावे. तेहि बाराच. प्रत्येक गटाचे सात हाली, म्हणून बारा सत्ते चौऱ्यायशी. जेथून निघालों तेथें पोहोंचलों, हिशेब बरोबर.

परंतु बाजाराच्या गर्दींत गट पाडीत कोण बसतो? तेथें तोंडी आडाखा हवा. आडाखा असा कीं हालींतून सातवा हिस्सा वजा केला म्हणजे कळदार मिळतात. ८४ चा सातवा हिस्सा १२, बाकी ७२. आडाखा खरा आहे. आतां परतीच्या वेळीं भोळें मन सांगतें, जातांना सातवा हिस्सा वजा केला, तर येतांना सातवा हिस्सा मिळवावा. ७२ चा सातवा हिस्सा दहा रुपये आणि रुपयाचे दोन सप्तमांश. मिळवून झाले ब्यायशी रुपये आणि दोन सप्तमांश. निघतांना होते चौऱ्यायशी! दर बदलला नाहीं, कोणी दलाली घेतली नाहीं, कोणी वजनांत मारलें नाहीं. तरी एक रुपया अकरा आणे पांच पै नाहींशा झाल्या. त्या ‘सातवा’ या एका शब्दांत गेल्या.

कशा गेल्या तें नीट पाहावें. जातांना पूर्ण रास होती सात भागांची. त्यांतला एक गेला, सहा राहिले. येतांना पूर्ण रास आहे ती सहा भागांची. मिळवावयाचा भाग तोच, तेवढाच, बारा रुपयांचा. पण आतां तो सहांच्या मानानें मोजावयाचा, म्हणून त्याचें नांव सातवा नव्हे, सहावा. भाग लहान झाला नाहीं कीं मोठा झाला नाहीं. ज्याच्याशीं त्याची तुलना करावयाची ती रास बदलली. ७२ चा सहावा हिस्सा १२, आणि ७२ व १२ मिळून ८४. जो मनुष्य दोन्हीं वेळां ‘सातवा’ म्हणेल तो अशा प्रत्येक फेरींत आपल्या पैशाचा एकोणपन्नासावा हिस्सा गमावील, म्हणजे शंभरांमागें दोन रुपयांहून किंचित् अधिक. ज्याच्या सबंध वर्षाच्या मिळकतीचा व्यवहार दोन नाण्यांत चालतो, त्याला ही गळती लहान नव्हे.

याच हिशेबांत आणखी एक बारकावा आहे. रुपयाच्या पै एकशें ब्याण्णव. त्यांना सहांनीं निःशेष भाग जातो, सातांनीं जात नाहीं. त्यामुळें पुऱ्या कळदार रुपयांचे हाली करतांना शेवटच्या पैपर्यंत हिशेब जुळे; पण हालींचे कळदार करतांना बहुधा कांहीं तरी उरे. शंभर हालींचे पंचायशी रुपये अकरा आणे पांच पै कळदार होत आणि वर पैचा सातवा हिस्सा शिल्लक राही. ही शिल्लक कोणाच्या बाजूस टाकावयाची हें गणित सांगत नाहीं. तें दोघांनीं आधीं ठरवावें लागतें. व्यवहारांत गणित जेथें संपतें तेथें करार सुरू होतो, हेंहि मुलांना सांगून ठेवणें बरें.

सातास सहा, तर चौऱ्यायशीस किती, या प्रकारच्या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनें नांव आहे, तें त्रैराशिक. तीन राशी ठाऊक, चौथी काढावयाची. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथांत या रीतीचा नियम दिला आहे, आणि ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं तो अधिक विस्तारानें मांडला. पहिल्या राशीस प्रमाण म्हणावें, तिच्यापासून जें मिळतें त्यास फल म्हणावें, आणि ज्या राशीचें फल हवें असेल तिला इच्छा म्हणावें. फलाला इच्छेनें गुणून प्रमाणानें भागिलें कीं इच्छाफल येतें. वरच्या उदाहरणांत प्रमाण ७, फल ६, इच्छा ८४. सहा गुणिले चौऱ्यायशी म्हणजे पांचशें चार. त्यांस सातांनीं भागून बहात्तर. युरोपांतील व्यापाऱ्यांनीं याच रीतीला सोन्याचा नियम असें नांव दिलें होतें.

भास्कराचार्यांनीं ११५० सालीं पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या ‘लीलावती’ या भागांत त्रैराशिकाला फार मानाचें स्थान आहे. बहुतेक सारें अंकगणित हा त्रैराशिकाचाच विस्तार होय, असें त्यांचें मत होतें. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालू राहावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें १२०७ च्या सुमारास चाळीसगांवजवळच्या पाटण येथें मठ उभारला. त्याचा शिलालेख आजहि तेथें आहे. महाराष्ट्रांत गणिताच्या अभ्यासासाठीं आठशें वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या संस्थेचा हा लेखी पुरावा होय.

त्रैराशिकाच्या या जुन्या नांवांत एक शहाणपण आहे, तें हल्लींच्या घाईंत सुटतें. प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एकाच जातीच्या असल्या पाहिजेत; फल आणि उत्तर हीं एकाच जातीचीं असलीं पाहिजेत. इच्छा हाली रुपयांची, तर प्रमाणहि हालीच हवें. ७२ कळदारांचे हाली काढावयाचे तर प्रमाण ६ होतें आणि फल ७ होतें. दोन्हीं आंकडे जागा बदलतात. तोंडानें ‘सातास सहा’ म्हणत राहून आंकडे आहेत तेथेंच ठेवणारा विद्यार्थी परतीच्या वाटेवरचा तो शेतकरीच समजावा. जात न पाहतां आंकडे मांडले कीं नियम पाठ असूनहि उत्तर चुकतें.

आतां दुसऱ्या एका जातीच्या उदाहरणांकडे वळावें. येथें एका राशीचे दोन किंवा अधिक वांटे करावयाचे असतात. धाराशिव जिल्ह्यांतील भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे; त्याचेंच उदाहरण घेऊं. पेढ्यासाठीं खवा आणि साखर पांचास दोन या प्रमाणांत मिसळली आहे आणि मिश्रण २१ किलो झालें आहे. तर साखर किती? पुष्कळ मुलें २१ ला दोननें गुणून पांचनें भागतात आणि आठ किलो चारशें ग्रॅम साखर काढतात. मग खवा किती, असें विचारलें म्हणजे बारा किलो सहाशें ग्रॅम सांगतात. आतां या दोन उत्तरांचें गुणोत्तर तपासावें. ८४०० आणि १२६०० म्हणजे दोनास तीन. प्रश्नांत तर दोनास पांच होतें! चूक पुन्हां तीच. साखर ही खव्याच्या दोन पंचमांश आहे, मिश्रणाच्या नव्हे. मिश्रणांत भाग आहेत पांच अधिक दोन, म्हणजे सात. एक भाग तीन किलोंचा. म्हणून खवा १५ किलो आणि साखर ६ किलो. प्रमाण भागाचें भागाशीं दिलें आहे कीं भागाचें पूर्णाशीं, हें न पाहतां पेन्सिल कागदाला लावूं नये.

हाच प्रश्न कधीं निराळा वेष घेऊन येतो. ‘खवा साखरेपेक्षां ९ किलोंनीं अधिक आहे’ एवढेंच सांगितलें असेल, तर बेरीज उपयोगी नाहीं. पांच भाग आणि दोन भाग यांतील फरक तीन भागांचा. तीन भाग म्हणजे नऊ किलो, एक भाग तीन किलोंचा. पुन्हां खवा पंधरा, साखर सहा. प्रश्नांत दिलेला आंकडा किती भागांचा आहे, एवढें ओळखलें कीं सर्व वेषांमागें एकच माणूस दिसतो.

आतां या मिश्रणांत साखर वाढवून प्रमाण दोनास एक करावयाचें आहे. आणखी किती साखर लागेल? येथें विद्यार्थी २१ किलोंचे तीन भाग करूं लागतात आणि फसतात. कारण साखर घातल्यावर मिश्रण २१ किलो राहतच नाहीं. अशा वेळीं स्थिर काय राहिलें तें शोधावें. खवा पंधराचा पंधराच आहे. तो आतां दोन भाग झाला; म्हणून एक भाग साडेसात किलोंचा. साखर साडेसात किलो हवी, सहा आहे, म्हणून दीड किलो आणखी घालावी. जें बदललें त्याच्या मागें न धांवतां जें बदललें नाहीं त्याला धरून ठेवावें, ही मिश्रणाच्या उदाहरणांची खरी युक्ति होय.

एकक सारखें करण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली आणि येडशी, तेर या मार्गानें १९११ सालीं लातूरपर्यंत पोहोंचली. तिच्या रुळांतील अंतर होतें २ फूट ६ इंच. मोठ्या गाडीच्या रुळांतील अंतर असतें ५ फूट ६ इंच. या दोहोंचें गुणोत्तर काय? इंच दोन्हींकडे सारखेच म्हणून ते सोडून देऊन ‘दोनास पांच’ असें उत्तर देणारे विद्यार्थी थोडे नसतात. दोन्हीं अंतरांचे आधीं इंच करावे. तीस आणि सहासष्ट; सहांनीं भाग देऊन पांचास अकरा. सारखी रास दोन्हींकडून वजा केली तर फरक बदलत नाहीं, पण गुणोत्तर बदलतें. हा भेद एकदां मनांत ठसला कीं वयांच्या उदाहरणांतील अर्ध्या अडचणी नाहींशा होतात. तो छोटा मार्ग आतां रुंद झाला आहे, तरी त्याचें गणित जुनें झालें नाहीं.

याहून मोठी सावधगिरी पुढेंच आहे. प्रमाण आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोणत्या जातीचें, हें कोणीं पाहावयाचें? शेतांत सहा बाया खुरपणीस लावल्या तर काम दहा दिवसांत होतें. पंधरा लावल्या तर किती दिवसांत होईल? त्रैराशिकाच्या मांडणीनें उत्तर येतें पंचवीस दिवस, आणि तें हंसण्यासारखें आहे. बाया वाढल्या तर दिवस घटले पाहिजेत. हें व्यस्त प्रमाण. येथें स्थिर आहे तें एकूण काम, सहा दाही साठ रोजांचें. साठांस पंधरांनीं भागून चार दिवस. भास्कराचार्यांनीं व्यस्त त्रैराशिकाचा विचार निराळा केला आहे तो याच कारणानें. आणि कांहीं प्रश्नांत तर प्रमाणच नसतें. एका कढईंतील दूध आटून खवा होण्यास एक तास लागतो. तशाच दोन कढया दोन निराळ्या चुलींवर ठेवल्या तर किती वेळ लागेल? दोन तास नव्हे, अर्धा तासहि नव्हे, एकच तास. उत्तर काढण्यापूर्वीं ‘ही रास वाढली तर ती वाढेल, घटेल, कीं तेवढीच राहील?’ असें मुलाला तोंडानें बोलावयास लावावें.

शिवाय सर्व प्रमाणें नाण्यांच्या दरासारखीं रेखीव नसतात. म्हशीच्या सुमारें पांच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो, म्हणून पस्तीस लिटरांचा सात किलो व्हावा. पण गाईचें दूध पातळ, तें अधिक लागतें. आणि म्हशीचेंहि रोज सारखें नसतें. येथें त्रैराशिक अंदाज देतें, हमी देत नाहीं. मात्र अंदाजाचें मोल कमी समजूं नये. याच जिल्ह्यांतील एका गांवाची ओळख पटविण्याच्या कामीं असाच अंदाज उपयोगी पडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकांत दक्षिणेंतील दोन मोठ्या पेठांचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठण कोठें आहे हें सर्वांस ठाऊक. पण तगर कोणतें? जुन्नर, देवगिरी अशीं निरनिराळीं नांवें विद्वानांनीं सुचविलीं होतीं. येथें त्रैराशिक मांडून पाहावें. भडोच ते पैठण हें अंतर सरळ रेषेनें सुमारें साडेतीनशें किलोमीटर. वीस दिवसांस साडेतीनशें, तर दहा दिवसांस पावणेदोनशें. देवगिरी पैठणपासून सरळ रेषेनें पन्नास-एक किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांची वाट, आणि तीहि उत्तरेस. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस पडतें. तेरणा नदीच्या कांठचें तेर हें गांव पैठणहून आग्नेयेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. पावणेदोनशें आणि दीडशें यांत अंतर आहे खरें. पण बैलांची वाट सरळ रेषेनें जात नाहीं, आणि दिवसांची मोजणीहि ठोकळच असते. फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं तगर म्हणजेच तेर असें साधार मांडलें, आणि तें मत मान्य झालें. एकट्या त्रैराशिकानें हा निर्णय होत नाहीं, पण न पटणारीं नांवें बाजूस सारण्यास तें पुरेसें होतें.

शेवटीं आजच्या व्यवहाराकडे यावें. हाली गेले, कळदार गेले, आणे-पैहि गेल्या. पण त्यांच्याबरोबर ती चूक गेली नाहीं. ती आतां शेकड्याच्या रूपानें हिंडते. उदाहरणादाखल, सोयाबीनचा भाव क्विंटलास ५००० रुपये आहे. तो शेकडा वीस उतरला, झाला ४०००. पुढें तो शेकडा वीस चढला. शेतकरी म्हणतो, गेलें तें परत आलें. पण ४००० चे शेकडा वीस म्हणजे ८००. भाव झाला ४८००. दोनशें रुपये अजून परत यावयाचेच आहेत. उतरतांना पूर्ण होतें ५०००, चढतांना पूर्ण आहे ४०००. पांचवा हिस्सा उतरला तर पूर्वपदावर येण्यास चौथा हिस्सा चढावा लागतो, म्हणजे शेकडा पंचवीस. सातवा उतरला तर सहावा, पांचवा उतरला तर चौथा, तिसरा उतरला तर निम्मा. शहरांतील दुकानाच्या दारावर लिहिलेली सूट असो, पगारांतील कपात आणि नंतरची वाढ असो, कीं पतपेढीचें व्याज असो, शेकडा हा शब्द ऐकतांच ‘कशाचा शेकडा?’ हें विचारावें.

घरीं मुलांना शिकवितांना वडील माणसांनीं उत्तराची घाई करूं नये. प्रथम मुलानें प्रश्न आपल्या शब्दांत सांगावा. कोणत्या दोन राशींची तुलना आहे, त्या एका जातीच्या आणि एका एककाच्या आहेत का, दिलेला आंकडा पूर्णाचा आहे कीं भागाचा, एक वाढली तर दुसरीचें काय होईल, आणि शेवटीं एक भाग केवढा, एवढें त्यानें तोंडानें बोलून दाखविलें कीं पुढचें काम पाढ्यांचें. उत्तर आल्यावर त्याला उलट वाटेनें परत न्यावें. ब्यायशी रुपये दोन सप्तमांश हें उत्तर काढणाऱ्या शेतकऱ्यानें त्यांचे पुन्हां कळदार करून पाहिले असते, तर ते बहात्तर न येतां साडेसत्तरांच्या आसपास आले असते, आणि चूक त्याच्या पेठेंतच ध्यानांत आली असती. बरोबर उत्तर जातांना आणि येतांना सारखेंच असतें. ही परतीची वाट चालून पाहण्याची संवय लहानपणीं लागली, तर गुणपत्रिकेंतले चार गुण वाढतील ते वाढतीलच. पण पुढें संसाराच्या बाजारांत दुसऱ्याच्या तोंडी हिशेबावर मान डोलावण्याची वेळ त्या मुलावर येणार नाहीं.